बैलाचा खांदा आणि काट्याची पावती

मुक्या जनावरांना क्रूरतेनें वागवूं नये असा कायदा आपल्या देशांत १८९० सालींही होता. त्याची जागा १९६० च्या कायद्यानें घेतली. त्याखालील १९६५ च्या नियमांत गाडीच्या बैलांविषयीं स्पष्ट मर्यादा आहेत. दिवसांत एकंदर ९ तासांहून अधिक काम घेऊं नये, विसाव्यावांचून सलग ५ तासांहून अधिक चालवूं नये, उष्णमान ३७ अंशांवर गेल्यास दुपारीं १२ ते ३ जुंपूं नये. बैलाचा बांधा व गाडीचीं चाकें पाहून ओझ्याचीही कमाल ठरविलेली आहे.

असें असून उसाच्या हंगामांत रस्त्यावर काय दिसतें? गेल्या फाल्गुनांत कारखान्याच्या वाटेवर चढास एक गाडी अडली. डांबरी रस्त्यावर खूर घसरून एक बैल गुडघ्यांवर आला. गाडीवानानें त्यास मारिलें नाहीं. जूं सोडून तो त्याचा सुजलेला खांदा चोळीत बसला. "कमी भरलें तर खेपा वाढतात, उचल फिटत नाहीं," एवढेंच तो म्हणाला. गाडींतील ऊस माझ्याच मळ्यांतला होता, हें लिहितांना संकोच वाटतो.

१९६० च्या कायद्यांत पहिल्या अपराधास १० ते ५० रुपये दंड ठेविला. एवढ्या दंडानें धाक बसत नाहीं. आणि बसला तरी तो गरीब गाडीवानासच बसावा, हा न्याय नव्हे.

मीं महसूल खात्यांत कारकुनी केली. जेथें नोंद होते तेथेंच कायदा उभा राहतो, हें त्या नोकरींत शिकलों. उसाची गाडी काट्यावर भरलेली व रिकामी अशी दोनदां तोलली जाते. जें वजन पैशासाठीं पावतीवर येतें, तें बैलासाठीं कां पाहूं नये? काट्यावर येईपर्यंत बैलानें ओझें ओढलेलें असतें, असा आक्षेप कोणी घेतील. तो खरा आहे. पण नोंद झाली तर पुढची खेप हलकी होईल.

म्हणून आपल्या संघानें कारखान्यांकडे मागणी करावी कीं, ओझ्याची मर्यादा काट्याजवळ पाटीवर लिहावी व जादा भरलेल्या गाडीची नोंद ठेवावी. वाढलेल्या खेपांचा खर्च कारखान्यानें व आपण ऊसवाल्यांनीं वांटून घ्यावा; तो गाडीवानावर टाकूं नये.

बेंदूर-पोळ्यास आपण बैलाचा खांदा लोणी-हळदीनें मळतों. त्याच खांद्यावर हंगामभर काय लादलें, तें आपल्याच पावत्यांवर लिहिलेलें असतें. तें एकदां वाचावें, इतकीच विनंती.