पावसात सुकणारा जवासा

पहिल्या सरी आल्या की रान हिरवे होते, हा आपला अनुभव. जवासा मात्र नेमका तेव्हाच पाने टाकून बसतो. तुलसीदासांनी रामचरितमानसाच्या किष्किंधाकांडात पावसाळा वर्णिताना रुई आणि जवासा यांची पाने गळाल्याचे टिपून ठेवले आहे. उलट वैशाखवणव्यात, भोवतालचे गवत करपलेले असताना, हे गुडघाभर काटेरी झुडूप हिरवेगार असते.

ही करामत मुळांची. वरचे झुडूप जेमतेम दोन-तीन फूट. मुळे मात्र कित्येक मीटर खाली, थेट भूजलापर्यंत उतरतात. जवासा वाटाणा-हरभऱ्याच्या कुळातला, पण त्याचे पान त्यांच्यासारखे संयुक्त नसून साधे, एकेकटे. पानाच्या बगलेतली कोवळी फांदीच टणक होऊन काटा बनते, आणि गंमत म्हणजे गुलाबी-तांबडी फुले त्या काट्यावरच येतात! (काष्ठौषधींच्या दुकानातले गिऱ्हाईक जवासा आणि धमासा यांत हमखास गोंधळते. ‘दुरालभा’ हे संस्कृत नाव दोघांनाही चिकटले आहे. धमासा मात्र निराळ्याच कुळातला.)

उंट तो काट्यांसकट खातो. उत्तर हिंदुस्थानात वाळ्याऐवजी जवाशाचे ताटे दारांना लावून, त्यांवर पाणी शिंपडून घरे गार ठेवीत. इराण-अफगाणिस्तानात त्याच्या फांद्यांवर साखरेचे दाणे जमतात. हकिमांची ‘तुरंजबीन’ ती हीच.

एवढ्या चिवट झुडपाची दुखरी नस म्हणजे त्याचे बी. अंकुराचे मूळ खोल पाण्याशी पोचण्याआधीच वरची वाळू सुकते. चीनमधल्या तकलामकान वाळवंटात जवाशाचा एक भाऊबंद नद्यांच्या उन्हाळी पुरावर रुजतो. पुढचा पसारा मुळांना फुटणाऱ्या धुमाऱ्यांनी होतो. हिरवळीच्या कडेला वाळू अडवणारा तो, आणि मेंढ्यांचा चाराही तोच.

वाळवंटातली नदी अडवताना शेतीचा हिशेब चोख मांडला जातो; पुरावर जगणाऱ्या झाडोऱ्याला त्यात रकानाच नसतो. आम्हांला हा हिशेब अर्धा वाटतो. तारीम नदीवर १९७२ मध्ये जलाशय झाला आणि खालचा तीनशेहून अधिक किलोमीटरचा प्रवाह आटला. भूजल खोल गेले, काठची झाडी वाळली. अखेर २००० पासून तेथे मुद्दाम पाणी सोडावे लागले.