मुठीचे बळ आणि पायांचे बळ

बडोद्याच्या सयाजीबागेतील वस्तुसंग्रहालयात एक प्रचंड शिळा ठेवलेली आहे. गामा पहिलवानाने ती १९०२ साली उचलली, असा लेख तिच्यावर कोरलेला आहे. तिचे वजन १२०० किलो सांगतात. तो आकडा कितपत मानावयाचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु ओझे उचलणाऱ्या गड्याचे बळ हातांइतकेच मांड्यांतही असावे लागते, ही गोष्ट त्या शहराच्या तालमींस पूर्वीपासून ठाऊक होती. प्रा. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिराची तर सर्वदूर ख्याती होती. जोरांबरोबर बैठका, हा तालमीचा जुनाच नेम होय.

हल्लीचे डॉक्टर मूठ मोजतात. एक लहानसे यंत्र हाती देऊन ते पूर्ण शक्तीने आवळावयास सांगतात. आशियातील तज्ज्ञांनी २०१९ साली ठरविल्याप्रमाणे पुरुषाची पकड २८ किलोहून वा स्त्रीची १८ किलोहून कमी भरली, तर स्नायू क्षीण झाल्याचा संशय घ्यावा. वार्धक्य, आजारपण व निकृष्ट आहार यांचा घाला साऱ्याच स्नायूंवर पडतो, आणि त्यांत हात मोजावयास सर्वांत सोपा. भारतासह १७ देशांत झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पकड ५ किलोने कमी असली की मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी अधिक आढळला.

तथापि मूठ पायांची पुरती साक्ष देत नाही. वयोमानाप्रमाणे पायांचे बळ हातांपेक्षा लवकर ओसरते. जन्मभर विळा धरलेली, विहिरीचे पाणी ओढलेली आजीबाई यंत्र घट्ट आवळील, आणि पाटावरून उठताना मात्र भिंत धरील! उलट, वृद्धांस व्यायाम दिला असता पाय सबळ झाले, पकड मात्र होती तेवढीच राहिली, असेही प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणून केवळ यंत्राच्या काट्यावर निर्धास्त होणे मला पटत नाही.

पायांची परीक्षा घरीच होते. बिनहाताची खुर्ची भिंतीस टेकवावी, हात छातीशी बांधावे आणि पाच वेळा उठून बसावे. जवळ कोणीतरी उभे असू द्यावे. १२ सेकंद वा अधिक लागल्यास पाय मंदावले असे समजावे. गुडघेदुखीनेही वेळ वाढतो, तेव्हा डॉक्टरांस विचारून मगच त्याच खुर्चीवर दिवसाआड आठदहा उठाबशा सुरू कराव्या. ताटात डाळ, अंडे वा मासळी असावी. दोनतीन महिन्यांनी पुन्हा घड्याळ लावून पाहावे.