फॉरमॅट हे निदान नव्हे

जुन्या संगणकात नवी रॅम बसविली आणि त्या दिवसापासून तो चालता चालता हँग होऊ लागला, निळा पडदा दाखवू लागला किंवा आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला, अशी कैफियत घेऊन कोणी गृहस्थ धुळ्यातील दुरुस्तीच्या दुकानी गेला, तर त्यास बहुधा एकच उत्तर मिळते: ‘विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारावं लागेल.’ शिरपूर-साक्रीपासून जळगाव-भुसावळपर्यंत हा शिरस्ता इतका दृढ झाला आहे की त्यास कोणी पुरावा मागत नाही. हे मत केवळ चुकीचे नाही, ते अपायकारक आहे, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

प्रथम पूर्वपक्ष त्याच्या संपूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. फॉरमॅटचे कैवारी म्हणतात की, फॉरमॅटनंतर यंत्र सुरळीत चालते हा रोजचा अनुभव आहे. विंडोजच्या फायली बिघडल्यानेही निळा पडदा येतो ही गोष्ट खोटी नाही. आणि गिऱ्हाईक खोळंबून बसले असता तासाभरात निकाल देणारा दुसरा उपाय आहे कोठे? यातील दुसरे विधान सत्य आहे. परंतु काल संध्याकाळपर्यंत जी विंडोज बिनतक्रार चालत होती ती रॅम बसविल्याच्या क्षणीच आपणहून बिघडली असे मानण्यास आधार काय? बदल झाला तो एका ठिकाणी, आणि दोष शोधावयाचा भलतीकडेच, ही तपासाची रीत नव्हे.

पहिल्या विधानाचा खुलासा अधिक बारकाईने केला पाहिजे, कारण अनुभवाचा दाखला हाच या पक्षाचा मुख्य आधार आहे. रॅमच्या आठ जीबीच्या एका स्टिकमध्ये सुमारे 6,870 कोटी सूक्ष्म कोठड्या असतात. प्रत्येकीत किंचित विद्युद्भार साठविलेला असतो आणि तो गळून जाऊ नये म्हणून दर 64 मिलिसेकंदांच्या आत एकदा ताजा करावा लागतो. रॉबर्ट डेनार्ड यांनी आयबीएममध्ये सिद्ध केलेली आणि 1968 साली पेटंट मिळालेली ही रचना आजही मूलतः तीच आहे. यांतील काही कोठड्या सदोष असल्या, तर त्यांचा उपयोग होईपर्यंत दोष दिसत नाही. नुकत्याच फॉरमॅट केलेल्या यंत्रावर थोडेच प्रोग्रॅम असतात, मेमरीचा मोठा भाग रिकामा राहतो आणि सदोष जागेशी गाठ पडण्याचा योग कमी येतो. पुढे टॅली, ब्राउझर, फोटोशॉप एकदम उघडले की तोच निळा पडदा पुन्हा समोर येतो. गिऱ्हाईक ज्याला गुण म्हणते तो पुष्कळदा असा तात्पुरता विराम असतो. शिवाय घरगुती रॅममध्ये चूक पकडणारी ईसीसी ही सोय सामान्यतः नसते, म्हणून बिघडलेला अंक बिनबोभाट पुढे जातो.

याहून गंभीर बाब अशी की, विंडोज नव्याने घालताना तिची प्रत्येक फाईल मेमरीतूनच हार्ड डिस्कवर उतरते. म्हणजे जी मेमरी संशयित आहे तिच्याच हातून नवी व्यवस्था लिहवून घेतली जाते, आणि मार्गात एखादा अंक पालटला तर ती जन्मतःच सदोष होते. मग तंत्रज्ञ पुन्हा फॉरमॅट करतो, आणि या खटाटोपात बाजार समितीतील आडत्याचे हिशेब, छायाचित्रकाराची लग्नसराईची चित्रे, सेवा केंद्रातील अर्जांच्या प्रती यांपैकी जे बॅकअपमध्ये नसेल ते गेले. त्यासोबत पुरावाही जातो. विंडोज निळ्या पडद्याची नोंद बहुधा मिनीडंप नावाच्या फोल्डरात ठेवीत असते; त्या नोंदींतील त्रुटीचे नाव दर वेळी निराळे दिसले, तर संशय एखाद्या प्रोग्रॅमवरून उठून मेमरीवर येतो. फॉरमॅट मारणारा हे दप्तर वाचण्यापूर्वीच भस्मसात करतो.

आता याच्या उलट टोकाला असलेल्या पक्षाचाही समाचार घेणे प्राप्त आहे. ‘रॅम घातली आणि बिघाड झाला, सबब रॅमच खराब, बदलून आणा,’ असे हा पक्ष म्हणतो. संशय योग्य ठिकाणी आहे, फैसला मात्र घाईचा आहे. स्टिकवर 3200 असा आकडा छापलेला असतो. परंतु डीडीआर4च्या कित्येक स्टिक मुळात 2133 किंवा 2666 या वेगाने आणि 1.2 व्होल्टवर सुरू होतात, आणि छापील वेग मिळण्यासाठी बायोसमध्ये एक्सएमपी ही तरतूद चालू करावी लागते, ज्यात व्होल्टेज बहुधा 1.35 पर्यंत चढविले जाते. तो वेग प्रोसेसरात असलेल्या मेमरी कंट्रोलरला पेलेलच असे नाही, विशेषतः चारही स्लॉट भरले असता. जुनी आणि नवी स्टिक एकेकट्या निर्दोष असून एकत्र नांदत नाहीत, असेही घडते. कधी स्टिकची एक कड स्लॉटात पूर्ण बसलेलीच नसते. कधी चार स्लॉटांच्या मदरबोर्डावर दोन स्टिक भलत्या जोडीत घातलेल्या असतात, वास्तविक प्रोसेसरापासून मोजता दुसरा आणि चौथा स्लॉट बहुतेक ठिकाणी अभिप्रेत असतो. या प्रत्येक प्रकरणी स्टिक बदलून आणल्याने काहीही साधत नाही.

खानदेशच्या उन्हाळ्यावर खापर फोडणाऱ्यांस थोडक्यात उत्तर देता येते. मे महिन्यात येथे पारा चाळिशीपार जातो हे खरे, परंतु मेमरीची चिप सामान्यतः 85 अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनविलेली असते. त्यापुढे ती दुप्पट वेळा ताजी करावी लागते. तेव्हा धुळीने पंखा अडलेल्या पेटीत उष्णता बाधू शकेल, पण सकाळी यंत्र सुरू करताच पाचव्या मिनिटाला जे कोसळते त्याचा दोष सूर्याकडे जात नाही. स्टिकची सोनेरी टोके खोडरबराने घासण्याची चालही अशीच: धूळ निघते, कधी गुणही येतो, परंतु सोन्याचा मुलामा अत्यंत पातळ असल्याने वारंवार घासणे हिताचे नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारे कापड अधिक निर्धोक.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ज्या धुळ्यात 1926 साली देह ठेवला आणि जेथे पुढल्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले, त्या शहरास पुराव्याची महती सांगावी लागू नये. 1898 साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढून त्यांनी बखरींच्या आणि इतिहासकार ग्रँट डफच्या कथनापुढे अस्सल पत्रे ठेवली, आणि आधी कागद, मग मत, हा क्रम घालून दिला. तोच क्रम येथे हवा, आणि त्याचे साधन आपल्या न्यायशास्त्रात आयतेच आहे: अन्वय आणि व्यतिरेक. एक असता दुसरे असते काय, आणि नसता नसते काय, एवढाच प्रश्न.

सबब प्रथम जमेल तो बॅकअप घ्यावा, वीज तोडावी, पेटीच्या धातूस हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी (येथील कोरड्या हवेत याची गरज विशेष) आणि नवी स्टिक काढून यंत्र जुन्यावर चालवावे. कोसळणे थांबले, तर मामला मेमरीचा. न थांबले, तर उघडझाक करताना ढिली पडलेली एखादी वायर, वीज पुरविणारा एसएमपीएस आणि मग विंडोज, या क्रमाने पाहावे. मेमरीवर संशय ठरला की एक्सएमपी बंद करून नवी स्टिक एकटी, जुन्या स्टिकच्या खात्रीच्या स्लॉटात घालावी आणि पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट86 चालवावे. ही चाचणी विंडोजविना चालते, हेच तिचे मर्म. तिच्यात चूक निघाली तर विंडोजवरचा आरोप तत्क्षणी रद्द होतो. मग तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटात आणि दुसरी स्टिक पहिल्या स्लॉटात घालून पाहावी: चूक स्टिकबरोबर फिरली तर स्टिक दोषी, जागेवर राहिली तर स्लॉट. दोन्ही एकेकट्या निर्दोष ठरल्या तर जोडी तपासावी आणि वेग शेवटी चढवावा. एका वेळी एकच बदल, हा नियम मोडला की सारी जबानी निरुपयोगी होते.

याला रात्र लागते, ही हरकत रास्त आहे. एका फेरीत चूक निघाली नाही म्हणून स्टिक निर्दोष ठरत नाही. अनेक फेऱ्या घ्याव्या लागतात. परंतु ‘एखादी चूक व्हायचीच’ म्हणून ती सोडून देणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे की, बियांका श्रोडर आणि गूगलमधील त्यांचे सहकारी यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत वर्षभरात 8 टक्क्यांहून अधिक स्टिकमध्ये चुका आढळल्या, आणि त्यांत क्षणिक दोषांपेक्षा स्थायी दोषांचे प्राबल्य दिसले. सुटलेली चूक परत येते. यंत्र रात्रभर दुकानी ठेवून चाचणी आपसूक चालू शकते. तंत्रज्ञाला जागे राहावे लागत नाही, आणि त्या रात्रीचा मोबदला गिऱ्हाइकाने फॉरमॅटइतकाच बिनतक्रार द्यावा. त्याबदल्यात पावतीवर एवढे लिहून मागावे: कोणती स्टिक, कोणत्या स्लॉटात, कोणत्या वेगाने, किती फेऱ्या आणि किती चुका. हमीच्या मुदतीत वितरकाकडे स्टिक परत करताना हाच कागद उपयोगी पडतो.