एक शक्तिमान वाचवायला दुसरा का मोडावा लागतो?

लष्कराचा शक्तिमान ट्रक जर्मनीच्या 'मान' कंपनीच्या परवान्यावर १९५९पासून जबलपूरला बनत होता. उत्पादन थांबून पाव शतक उलटलं. त्यामुळे आज तो मूळ रूपात उभा करायचा, तर सुट्या भागांसाठी दुसरा शक्तिमानच शोधावा लागतो. हीच ती 'डोनर' गाडी.

सगळंच डोनरकडून लागत नाही. पत्रा ठोकून मिळतो, लाकडी हौदा सुतार बांधतो, रबरी सील बनवून घेता येतात. घोडं अडतं ट्रान्सफर केसवर, म्हणजे गिअरबॉक्समधून आलेली ताकद पुढच्या-मागच्या दोन्ही ॲक्सलना वाटणाऱ्या डब्यावर. त्यातला एक गिअर तुटला, तर त्याचे दात कापून पोलाद कडक करून घेणं एका नगासाठी परवडत नाही.

लष्कर बाद गाड्या लिलावात काढतं. पण भंगारवाला हिशेब करतो लोखंडाच्या भावाचा. त्याच्या गॅस कटरला ट्रान्सफर केस आणि बंपर सारखेच!

कायद्याचाही फारसा आधार नाही. २०२१चा व्हिंटेज नियम पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांना वेगळी नोंदणी देतो, पण फक्त दुचाकींना आणि खासगी वापराच्या चारचाकींना. म्हणजे शेठजींची मोटार वारसा, जवानांचा ट्रक भंगार. हे खटकणारं आहे.

तुम्ही डोनर घेणार असाल, तर लिलावाची कागदपत्रं आणि चासी नंबर आधी जुळवून बघा. भाग काढून बसवा, पण एका गाडीचा चासी नंबर दुसरीवर चढवू नका. तो गुन्हा आहे.