बॉयलरला मऊ पाणी, चुलीला जड



डिंभे धरणाचे पाणी घोड नदीच्या खोऱ्यात आले, मंचरच्या आसपासची शेते भिजली. पण त्याच आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला, लोणी-धामणीच्या माळावर, विहीर आटली की बोअरवर भिस्त. कपाशी-ज्वारीच्या कोरडवाहू पट्ट्यातही हीच गत. बोअरचे पाणी बहुधा जड. तुरीची डाळ तासभर रटरटते पण शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पातेल्याच्या बुडाला पांढरा थर धरतो. दोष घरधनिणीच्या हाताचा नाही, पाण्याचा आहे.

पावसाचे पाणी मऊ असते. जमिनीत मुरताना ते खडकातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून घेते. खडकात जितका मुक्काम लांब, तितके पाणी जड. २०१२ च्या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालतो.

साखर कारखान्याच्या बॉयलरला असे पाणी घालत नाहीत. नळ्यांत थर धरतो, इंधन वाया जाते, म्हणून आधी ते मऊ करतात आणि तो खर्च साखरेच्या हिशेबात धरतात. आमच्या चुलीवर जादा जळणारे सरपण, गॅस आणि जादा लागणारा साबण ज्वारी-कापसाच्या उत्पादन खर्चात कुणी धरला?

तोवर हातातले करू. दोन बाटल्यांत पावसाचे आणि बोअरचे पाणी घ्या, सारखाच साबण टाकून हलवा. फरक डोळ्यांनी दिसेल. पाणी उकळून निवू दिले की जडपणाचा काही भाग तळाशी बसतो, पण त्यालाही जळण लागतेच. तुरटीने गढूळपणा जातो, जडपणा जात नाही. धुण्याचा सोडा कपड्यांच्या पाण्यापुरताच वापरा. डाळीसाठी पागोळीचे पाणी धरा. ३०० चौरस फूट पत्र्यावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे १४ हजार लिटर पाणी होते. हजार लिटरची टाकी भरली तरी रोज दहा लिटरप्रमाणे शंभर दिवस डाळ शिजेल. पहिल्या पावसाचे पाणी वाहून जाऊ द्या, पिण्याआधी उकळा.

२०१९ च्या जलजीवन मिशनमध्ये गावोगाव पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचे ठरले; त्या तपासणीत जडपणाही येतो. आपल्या गावात हे झाले का? ग्रामसभेत विचारा, आकडा फळ्यावर लिहायला लावा आणि जिल्हा बैठकीला तो घेऊन या. उत्पादन खर्चाच्या तक्त्यात चुलीचीही एक ओळ असलीच पाहिजे.