साक्ष परागाची, निवाडा माणसाचा

भिंतींना कान असतात, असे आपण एकमेकांस बजावीत असतो. पण अपराध करणाऱ्याने खरोखर भ्यावे अशी वस्तू भिंत नव्हे. ती आहे फुलांतील धूळ. माणूस रानातून, शेतातून वा नदीकाठच्या चिखलातून गेला, की त्या त्या जागेचे पराग त्याच्या वस्त्रांस, केसांस आणि पायताणांस चिकटतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, आणि म्हणूनच ते झटकून टाकण्याचे कोणास सुचतही नाही. या अदृश्य धुळीचा उपयोग मादक द्रव्यांच्या चोरट्या व्यापाराचा माग काढण्यासाठी परदेशांत झालेला आहे. ही विद्या आपल्याकडेही वाढावी, असे आमचे मत आहे. मात्र तिला जेवढे ठाऊक असते तेवढेच तिच्याकडून वदवून घ्यावे, असेही आमचे तितकेच ठाम मत आहे. या दुसऱ्या मतासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम हा साक्षीदार कोण ते पाहू. परागकणाचा आकार बहुधा मिलिमीटरच्या शंभराव्या भागापासून दहाव्या भागापर्यंत असतो. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र या कणांत केवढी विविधता दिसते! जास्वंदीचा कण काटेरी चेंडूसारखा, गवताचा कण गुळगुळीत आणि एकाच छिद्राचा, तर पाइन वृक्षाच्या कणास वाऱ्यावर तरंगण्यासाठी दोन पिशव्या असतात. कणाचे बाह्य कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या द्रव्याचे असून ते विलक्षण चिवट असते. ज्या आम्लात वाळूदेखील विरघळते, त्यातूनही ते शाबूत बाहेर पडते. चिखलात गाडले गेले, तर लक्षावधी वर्षे टिकते. मालावरील खुणा खरवडून काढता येतील, कागद जाळता येतील. पण पोत्याच्या विणीत शिरलेला पराग सहजासहजी नाहीसा होत नाही.

तथापि एकटा कण फारसे बोलत नाही. त्याला केवळ आपल्या झाडाचे नाव ठाऊक असते. जागेचे नाव सांगतो तो कणांचा समुदाय. आमच्या गोव्यातलेच उदाहरण घ्या. मांडवीकाठच्या खारफुटीतून चालत गेलेल्याच्या पायताणास लागणारा चिखल आणि सत्तरीच्या डोंगरातील काजूच्या बागेतली माती यांतील परागांचा मेळ एकच असणार नाही. माड दोन्हीकडे असेल. पण त्याच्या सोबतीला कोण आहे आणि कोणाचे प्रमाण किती आहे, यावरून जाणता अभ्यासक जागा ओळखू शकतो.

या विद्येची एक जुनी आणि प्रसिद्ध कथा १९५९ सालची, ऑस्ट्रिया देशातील आहे. डॅन्यूब नदीच्या परिसरात प्रवासास गेलेला एक मनुष्य नाहीसा झाला. संशय एकावर होता, पण प्रेत सापडत नव्हते. संशयिताच्या बुटांवरील चिखल व्हिएन्नाच्या विल्हेल्म क्लाउस या शास्त्रज्ञांकडे तपासणीस गेला. त्यात स्प्रूस, विलो आणि आल्डर या झाडांच्या ताज्या परागांबरोबर हिकरी वृक्षाचे सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीचे अश्मीभूत परागही आढळले. असा मेळ जमेल अशी जागा व्हिएन्नाच्या उत्तरेस डॅन्यूबकाठी एका लहानशा पट्ट्यातच होती. ती जागा नेमकी सांगितली जाताच संशयिताचा धीर सुटला. त्याने गुन्हा कबूल करून प्रेत पुरल्याचे ठिकाण दाखविले. यात एक गोष्ट ध्यानात घ्यावी. परागाने सांगितले ते ठिकाण. खून कोणी केला, हे माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगितले.

मादक द्रव्यांच्या तपासातही हीच मर्यादा दिसून येते. स्टॅन्ले या अमेरिकन परागतज्ज्ञांनी १९९२ साली न्यूयॉर्क येथे पकडलेल्या कोकेनच्या तपासणीचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्या पांढऱ्या भुकटीत तीन निरनिराळ्या प्रदेशांचे पराग सापडले. पहिले दक्षिण अमेरिकेतील, म्हणजे जेथे कोकाच्या पानांपासून कोकेन काढले जाते तेथले. दुसरे उत्तर अमेरिकेच्या थंड भागातील सूचिपर्णी वृक्षांचे. तिसरे न्यूयॉर्क शहरातल्या ओसाड जागी माजणाऱ्या तणांचे. माल वाटेत जेथे जेथे उघडला गेला आणि त्यात भेसळ झाली, तेथली हवा त्यात शिरली होती. त्या भुकटीने आपला सारा प्रवास जणू वहीत टिपून ठेवला होता! पोलिसांस कोठे शोध घ्यावा हे यावरून कळते, आणि हा लाभ लहान नव्हे. परंतु मार्ग कळला म्हणून वाटसरू कळला, असे होत नाही.

येथेच आम्हांस धोका दिसतो. समजा, एखाद्याच्या सदऱ्यावर गांजाच्या झाडाचे पराग सापडले. तो मनुष्य गांजाचा व्यापारी ठरतो काय? मोरोक्कोत पिकणाऱ्या गांजाचे पराग वाऱ्यावर बसून समुद्र ओलांडतात आणि दक्षिण स्पेनच्या किनाऱ्यावरील हवेत उतरतात, असे स्पॅनिश संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले आहे. तेथील निरपराध कोळ्याच्या अंगरख्यावरही ते बसतच असतील! आपल्या हिमालयाच्या पायथ्याशी हे झाड वाटेच्या कडेला आपोआप उगवते. यात्रेकरूच्या शालीवर त्याची धूळ पडली, तर त्यात नवल कसले? शिवाय हॉप नावाच्या वेलीचा पराग गांजाच्या परागासारखाच दिसतो. उलट बाजूही आहे. पराग नराच्या झाडावर येतात, आणि चोरटी लागवड करणारे पुष्कळदा नर झाडे उपटून केवळ माद्याच राखतात. तेव्हा पराग नाही म्हणून गुन्हा नाही, असेही म्हणता येत नाही.

हा केवळ पंडितांचा वाद असता, तर आम्ही तो शाळेच्या अंकात आणला नसता. मादक द्रव्यांविषयीचा आपल्या देशाचा १९८५ सालचा कायदा कठोर आहे. गांजा २० किलोंपेक्षा अधिक असेल, तर शिक्षा किमान १० आणि कमाल २० वर्षे सक्तमजुरीची. माल ताब्यात सापडल्याचे एकदा सिद्ध झाले, की आपणांस त्याची जाणीव नव्हती हे दाखविण्याचे ओझे आरोपीवर येते. अशा खटल्यात मालमोटारीच्या गरीब चालकाच्या आयुष्याची वीस वर्षे तराजूत असतात. या व्यसनांनी उजाड केलेली घरे आम्ही विसरलेलो नाही, आणि अपराध्यास दया दाखवा असेही आमचे म्हणणे नाही. पण शिक्षा जितकी जड, तितका पुरावा चोख हवा.

म्हणून परागाची साक्ष घेताना निदान तीन पथ्ये पाळली जावीत. संशयित वस्तूबरोबरच आसपासच्या मातीचे व हवेचे नमुनेही तपासावेत, म्हणजे कोणती धूळ तेथे एरवीही असते ते कळेल. दोनचार कणांवर न विसंबता दोनतीनशे कण मोजून त्यांचे प्रमाण मांडावे. आणि तोच नमुना दुसऱ्या जाणकारानेही स्वतंत्रपणे पाहावा. असे झाले, तर हीच विद्या निरपराधाची ढाल होईल. कारण पोत्यातील पराग आरोपीच्या शेतातील परागांशी जुळत नाहीत, हेही तीच सांगू शकते.

मात्र यासाठी माणसे हवीत. न्यूझीलंडमध्ये डॅलस मिल्डनहॉल यांनी अनेक वर्षे खपून ही विद्या पोलिसांच्या तपासास जोडून दिली. आपल्याकडेही लखनौ येथे १९४६ साली स्थापन झालेल्या बीरबल साहनी यांच्या संस्थेत परागांचा अभ्यास चालत आला आहे. परंतु गावोगावच्या झाडापेडांची ओळख असलेली माणसे नसतील, तर चिखलातील कण कोणाशी ताडून पाहावयाचे? ज्यास आपल्या परसातील दहा फुलांची नावे सांगता येत नाहीत, त्याने उत्तम सूक्ष्मदर्शक घेतला तरी त्यात त्याला नुसते ठिपकेच दिसतील.

आमच्या विद्यार्थिमित्रांनी वनस्पतिशास्त्राचा धडा केवळ परीक्षेपुरता घोकू नये, तो याकरिता. सुरंगी केव्हा फुलते, काजूला मोहोर कधी येतो, ओहोळाच्या काठी कोणते गवत उगवते, हे डोळ्यांनी पाहून टिपून ठेवावे. आणि जन्मात कधी कोणाविषयी मत बनविण्याची वेळ आली, तर पुरावा नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे आधी स्वतःस विचारावे. पराग खोटे बोलत नाही हे खरे. पण त्याच्या तोंडी खोटे घालणे माणसास फार सोपे असते.