संगणकाशी गट्टी : रेघ आणि रकाने

दोस्तांनो, नोटपॅडमध्ये साधं वेबपान कसं करायचं ते आपण पाहिलंय. आज त्यात दोन गोष्टी घालूया : आडवी रेघ आणि तक्ता.

धडा संपला की तुम्ही वहीत पट्टीने रेघ मारता ना? वेबपानावर ते काम 'एचआर' ही खूण करते. ही दोन इंग्रजी अक्षरं टोकदार कंसांत लिहिली, की पानावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ! पण शोभेसाठी दहा-दहा रेघा नकोत हं. विषय बदलला, तरच रेघ.

आता तक्ता. शाळेचं वेळापत्रकच घेऊ. 'टेबल' लिहिलं की तक्ता सुरू. 'टीआर' म्हणजे एक आडवी ओळ आणि 'टीडी' म्हणजे त्या ओळीतलं एक घर. पहिल्या ओळीत वारांची नावं येणार. ती शीर्षकं आहेत, म्हणून 'टीएच'मध्ये लिहा. खालच्या ओळींत एकेका तासाचे विषय. उघडलेली प्रत्येक खूण तिरकी रेघ घालून बंद करायची. ('एचआर'ला मात्र बंद करावं लागत नाही.) घरांच्या कडा दिसत नसतील, तर सरावापुरतं 'टेबल'पुढे 'बॉर्डर बरोबर 1' असं इंग्रजीत लिहा.

एक सांभाळा. मंगळवारी पहिला तास मोकळा आहे म्हणून ते घरच गाळलंत, तर बुधवारचं विज्ञान सरकून मंगळवारखाली येईल, आणि दप्तरात भलतंच पुस्तक! म्हणून घर रिकामं असलं तरी 'टीडी' लिहायचंच.

1990च्या दशकात अख्खं वेबपानच तक्त्यात बसवायची पद्धत होती : एका घरात चित्र, दुसऱ्यात मजकूर. पानाची मांडणी करणारी सीएसएस ही भाषा डिसेंबर 1996मध्ये आली, आणि आता ते काम तीच करते. तक्ता फक्त माहितीसाठी.

असं का? अंध मुलं एनव्हीडीएसारख्या मोफत सॉफ्टवेअरच्या मदतीने पान ऐकतात. तुम्ही 'टीएच' नीट लिहिलं असेल, तर एकेका घरात जाताना त्यांना 'बुधवार, विज्ञान' असं ऐकू येतं. नाहीतर नुसतीच विषयांची नावं! मग वार कसा कळणार?

तेव्हा या रविवारी आपल्या वर्गाचं वेळापत्रक करा. इंटरनेट लागत नाही. प्रत्येक ओळीतली घरं मोजा आणि मग आईबाबांना विचारा, "बुधवारी पहिला तास कसला?" त्यांना चटकन सांगता आलं, की तुमचा तक्ता जमला!